माळावर आणि ओढ्याकाठी दरवर्षी परत येणारं परकं गवत: आधी काय तपासायचं, कुठे थांबायचं

फोन साधारण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात. "गेल्या साली पोरं लावून सगळं उपटलं होतं. परत तेवढंच आलंय, उलट चार बोटं जास्तच." उत्तर सोलापूर आणि मोहोळ तालुक्यातल्या सात-आठ गावांची गायरानं आणि सीनेला मिळणाऱ्या ओढ्यांचे काठ, इथे मी हेच काम दहा-बारा वर्षं करतोय. त्यातली पहिली चार वर्षं चुकीचं केलं. आम्हीही नुसतं उपटायचो, ट्रॉलीसमोर फोटो काढायचो आणि घरी यायचो. उपटलेल्या जागेवर नंतर काय उगवतंय हे बघायला कोणी परत जायचं नाही. ती जागा आपण भरली नाही तर कोण भरणार, हे त्या चार वर्षांत चांगलंच कळलं.

खाली आधी लक्षणं दिली आहेत, मग तपासण्या. फुकटातल्या आधी, खर्चाच्या शेवटी. हा क्रम मोडू नका. बहुतेक जण पहिल्याच दिवशी फवारणीचा पंप पाठीला लावतात आणि तिथेच चुकतात.

लक्षणं

माळावर:

- जुलैत माळ लांबून हिरवागार दिसतो, पण मेंढरं खाली मान न घालता चालत राहतात. माझ्या मते हे सगळ्यात खात्रीचं लक्षण. एका धनगर मामांना मी एकदा विचारलं होतं, एवढं गवत असताना कळप पुढे का नेताय? ते म्हणाले, "आरं, मेंढरू तोंड लावत न्हाय त्याला गवत कशाला म्हनतुयास?"
- ऑक्टोबरात माळावर कुसळाचा तांबूस-सोनेरी रंग चढायला हवा. त्याऐवजी मळकट पांढऱ्या फुलांचे पट्टे दिसतात.
- पट्टे पायवाटा, खणलेले चर, मुरमाच्या खाणी आणि रस्त्याच्या कडेनं असतात. मधला माळ त्या मानानं शाबूत असतो.
- गाईम्हशींचं दूध मधूनच कडवट लागतं.
- भांगलायला गेलेल्या बायकांच्या मनगटांना आणि गळ्याला खाज सुटते, पुरळ उठतं.

ओढ्याकाठी:

- मे महिन्यात, सगळं करपलेलं असताना, काठाचा एकच पट्टा गर्द हिरवा.
- काठावरून पाण्यावर सरकत गेलेली गवताची गादी. पाय ठेवला की खाली लचकते.
- कोल्हापुरी बंधाऱ्याच्या बर्ग्यांना, म्हणजे पाणी अडवायच्या काढत्या फळ्यांना, अडकलेला गुंता. पहिल्या पुराला पाणी पात्र सोडून बाजूच्या वावरात शिरतं.
- काठावरचा वाळा, कास, लव्हाळा हळूहळू दिसेनासा झालेला.

आधी ओळख पक्की करा

माळावरची लक्षणं बहुतेक वेळा गाजर गवताची असतात. गावात त्याला काँग्रेस गवत म्हणतात. नावात गवत असलं तरी हे सूर्यफुलाच्या कुळातलं रोपटं आहे. मूळ अमेरिका खंडातलं, भारतात १९५५-५६च्या सुमारास पहिल्यांदा नोंद झालं ती पुण्यात. म्हणजे आपल्या आजोबांच्या लहानपणी सोलापूरच्या माळावर हे नव्हतं. उगवताना पानं गाजरासारखी, जमिनीला चिकटून गोल पसरलेली. मग मधून खोड वर येतं आणि बारीक पांढरी फुलं लागतात.

ओढ्याकाठची लक्षणं पॅरा गवताची. हे मात्र खरंखुरं गवत आहे, आफ्रिकेतून आलेलं, चारा म्हणूनच लावलं गेलेलं. त्याची कांडी जाड, रांगणारी, आणि पेरांवर पांढरी लव. एक कांडी उचलून बघा, जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळ्या सुटलेल्या दिसतील. बियांवर ते फारसं अवलंबून नाही, तुकड्यांवरच पसरतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं काम आहे.

आता उलटी चूक. दरवर्षी एखादं गाव मला उत्साहानं "परकं गवत" दाखवायला नेतं आणि ते निघतं आपलं अंजन, नाहीतर कुसळ. कुसळ पायाला, लोकरीला टोचतं म्हणून बदनाम आहे, पण ते कोवळं असताना जनावर खातं आणि मुरमाड उतारावर तेच माती धरून ठेवतं. अंजनाची गंमत आणखी वेगळी. आपल्याकडे ते अस्सल देशी, दुष्काळातला आधार. तेच अमेरिकेत ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात चाऱ्यासाठी नेलं आणि आता तिथे ते डोकेदुखी झालंय. तिथल्या सग्वारो निवडुंगांमध्ये पूर्वी मोकळी जमीन असायची, आग लागली तरी पसरायची नाही. वाळलेल्या अंजनानं ती जागा भरली आणि वणवे थेट निवडुंगांपर्यंत पोहोचायला लागले. ऑस्ट्रेलियात तर हे गवत उंटांच्या खोगिरात भरलेल्या गवतातून पोचलं असं सांगतात. तेव्हा तिथल्या उपायांचे व्हिडिओ बघून इथलं अंजन उपटू नका. शंका असेल तर एक झुडूप मुळासकट उपटून मेंढपाळाला दाखवा. फुकट आणि बिनचूक.

तपासणी १: नुसतं फिरून या

पहिल्या चांगल्या पावसानंतर अठरा-वीस दिवसांनी, सकाळी, काठी हातात घेऊन. खर्च शून्य. बघायचं एवढंच की गवत सगळ्यात दाट कुठे आहे आणि तिथून ते कोणत्या दिशेनं पातळ होत जातंय. दाट जागा म्हणजे उगम. तिथे एखादा चर असेल, ढिगारा असेल, गळकी पाइपलाइन असेल.

ओढ्यावर असाल तर प्रवाहाच्या उलट दिशेनं चालत जा, जिथे पॅरा संपतं तिथपर्यंत. सगळ्यात वरचा ठोंब सापडला की खूण करा. साफसफाई तिथून सुरू करून खाली यायचं. आम्ही दोन वर्षं पुलापासून सुरुवात केली, कारण तिथे ट्रॅक्टर जातो आणि रस्त्यावरून काम दिसतं. पुढच्या पाण्याबरोबर वरच्या कांड्या वाहत आल्या आणि रुजल्या. दोन वर्षांची मजुरी ओढ्यात गेली, शब्दशः.

तपासणी २: फूल आलंय का?

गाजर गवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं, आणि एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात. म्हणजे तुम्ही उपटताय ते फुलाआधी की नंतर, यावर पुढची काही वर्षं ठरतात. सोलापुरात ते एकाच वेळी उगवत नाही, हा आपल्याकडचा घोळ. जूनच्या पावसाला एक पीक, सप्टेंबरच्या परतीच्या पावसाला दुसरं, आणि कॅनॉलच्या पाझरावर तर बारमाही. एकदाच श्रमदान ठेवून हे संपत नाही. जुलैत एक फेरी आणि सप्टेंबर अखेर दुसरी, कमीत कमी.

पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना मुळासकट उपटा. वरून मोडलं तर बुडख्यातून परत फुटतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घाला, तोंडाला रुमाल बांधा. "काही होत नाही" म्हणणाऱ्याला पहिल्या वर्षी खरंच काही होत नसेल, पण ही ॲलर्जी सहवासानं वाढत जाते.

फुलाआधी उपटलेलं खड्ड्यात कुजवून खत करता येतं. फुलावर आलेलं मात्र खतात टाकू नका. तेच खत पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःच्या हातानं वावरात पसराल. ते गोणीत भरून एका जागी न्या, माळावरून ओढत नेऊ नका.

याच फेरीत पानांवर एक भुंगेरा दिसतो का ते बघा. मळकट पांढरा, पाठीवर गडद तपकिरी नागमोडी पट्टे, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. हा मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा. गाजर गवत खाण्यासाठीच १९८४मध्ये बंगळूरला सोडला गेला आणि तिथून पसरला. जिथे तो भरपूर आहे आणि पानांची चाळण झालीय, तिथला एक पट्टा न उपटता ठेवा आणि थोडे भुंगेरे डब्यात भरून दुसऱ्या पट्ट्यावर नेऊन सोडा. पाऊस संपला की तो जमिनीत जाऊन झोपतो, त्यामुळे ऑक्टोबरनंतर त्याच्यावर विसंबू नका. एकट्यानं तो माळ साफ करत नाही. फुलं कमी करतो, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

तपासणी ३: शंभर पावलं

माळ आडवा शंभर पावलं चाला. प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आहे ते सोबतच्याला सांगा: आपलं गवत, परकं, की उघडी माती. त्यानं नुसत्या रेघा ओढायच्या. माझा अंदाज असा की शंभरात तीस-पस्तीस पावलं उघड्या मातीवर पडली तर उपटण्यावर एक रुपया घालवू नका, आधी ती माती का उघडी पडली ते शोधा.

सोलापूरचा माळ कोरडा. पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, आणि खाली वीतभर मुरूम. इथे मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी ही आपली बहुवर्षायू गवतं मुळांच्या जोरावर जगतात, सावकाश पसरतात. गाजर गवताला तेवढा दम नाही. दाट गवतात त्याचं रोप उन्हाला तोंड काढू शकत नाही. पण माती उकरली गेली की ते धावत येतं, आणि त्याच्या मुळापानांतून झिरपणारी द्रव्यं शेजारच्या रोपांना वाढू देत नाहीत.

माती उघडी पडायची कारणं मला वारंवार दिसतात ती अशी. एक, गुरं बारा महिने एकाच पट्ट्यात, पाणवठ्याच्या नाहीतर गावाच्या बाजूला. दोन, सलग समतल चर. पाणी अडवायला चर चांगले, पण चांगलं गवत असलेल्या माळावर जेसीबीनं ते खणले की उकरलेल्या ढिगावर पहिल्या पावसात गाजर गवत येतं. मी बघितलेल्या गायरानांत चराची ओळ लांबून त्या पांढऱ्या फुलांनीच ओळखू येते. "पडीक माळ" म्हणून तो खणायची घाई होते. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९मध्ये झालं ते असल्याच "पडीक" माळावर, हे सांगितलं की लोक जरा थबकतात. तीन, नांगरट. कोणीतरी चार सऱ्या अतिक्रमण करतो, गावात भांडण होतं, तो सोडून देतो. सऱ्या तशाच राहतात आणि त्यात बी रुजतं. खोल गाडलं गेलेलं गाजर गवताचं बी बरीच वर्षं जिवंत राहतं, म्हणून "एकदा खोल नांगरून टाकू" हा उपाय तर अजिबात नको. चार, फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ पेटवणं. जळल्यावर गवत चांगलं येतं असा समज आहे. कुसळाला आग सोसते हे खरं, पण पावसापर्यंत तीन-चार महिने माती उघडी राहते. वाऱ्यानं येणारं बी तिथेच पडतं. शिवाय टिटवी, धाविक यांच्यासारखे पक्षी उघड्या माळावर जमिनीवरच अंडी घालतात, त्यांचे जीव जातात ते वेगळेच.

उपाय बिनपैशाचा असला तरी सोपा नाही, कारण तो माणसांमधला आहे. गायरानाचे तीन-चार भाग पाडा, एक भाग पहिल्या पावसापासून गवताला बी धरेपर्यंत बंद ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा. ग्रामसभेच्या आधी मेंढपाळांशी बोला, नंतर नको. पूर्ण चराईबंदी करू नका असं मी म्हणतो तेव्हा वाद होतो. भरतपूरच्या केवलादेव पक्षी उद्यानात १९८२मध्ये म्हशींना चराई बंद केली तेव्हा एका पाणगवतानं उथळ पाण्यातली मोकळी जागा भरून टाकली आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. ओढ्याकाठच्या पॅराच्या बाबतीत तर म्हैस हीच आपली फुकटची मजूर आहे.

तपासणी ४: हे पाणी कुठून येतंय?

ही तपासणी पॅरासाठी. मे महिन्यात जा. सोलापुरात मे महिन्यात ओढ्याला पाणी असेल तर ते आभाळातलं नाही. बहुतेक वेळा ते गावाच्या गटाराचं असतं. कधी कॅनॉलचा पाझर, कधी कोणाच्या ठिबकचा फुटलेला व्हॉल्व्ह, कधी दूध संकलनाच्या जागेवरचं कॅन धुतलेलं पाणी. सांडपाण्यात नत्र भरपूर, पॅराला आणखी काय पाहिजे? व्हॉल्व्ह दोनशे रुपयांत बदलला आणि पुढच्या उन्हाळ्यात अर्धा पट्टा आपोआप वाळला, असं एका ठिकाणी माझ्या डोळ्यांसमोर झालंय. त्याच पट्ट्यावर आधीच्या साली गावानं मजुरीला अकरा हजार घातले होते.

गटाराचं पाणी असेल तर घरोघरी शोषखड्डे हा रस्ता. ते ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बसतं, वेळ लागतो. तोवर निदान एक करा: सांडपाण्यावर वाढलेलं पॅरा कापून दुभत्या जनावरांना घालू नका. त्या पाण्यातलं बरंच काही गवतात येतं. स्वच्छ ओढ्यावरचं पॅरा मात्र म्हशी आवडीनं खातात, पंढरपुरी म्हशी तर पोटापर्यंत पाण्यात उतरून खातात.

तपासणी ५: बाहेरून काय आलं?

पटकन सांगतो. गेल्या दोन वर्षांत गावात मुरूम कुठून आला, शेणखत कुठून विकत घेतलं, चाऱ्याच्या पेंढ्या कुठल्या, जेसीबी आधी कुठे काम करून आला. गाजर गवताचं बी चिखलातून, टायरमधून, चाऱ्याच्या पेंढ्यांतून प्रवास करतं. मशीन गावात घेण्याआधी बकेट आणि चाकं धुवून घ्या. ड्रायव्हर हसेल, हसू द्या. पुरानंतर काठावर बसलेल्या नव्या गाळावर विशेष लक्ष ठेवा. ऑक्टोबर २०२०मध्ये भीमा-सीनेला पूर येऊन गेल्यावर आमच्याकडे गाळाच्या प्रत्येक पट्ट्यावर पहिलं रोप गाजर गवताचंच होतं. तेव्हा दोन तासांत हातानं निघालं असतं. आम्ही दिवाळीनंतर बघू म्हणालो.

तपासणी ६: कापा, बाहेर काढा, झाका

आता घाम आणि थोडा पैसा. पॅरासाठी योग्य वेळ म्हणजे बर्गे काढल्यावर, ओढा सगळ्यात कमी असताना, एप्रिल अखेर ते मेचा तिसरा आठवडा. विळ्यानं जमिनीलगत कापा. कापलेली प्रत्येक कांडी पुराच्या खुणेच्या वर नेऊन खडकावर पसरा, आठ दिवसांत करकरीत वाळते. काठावर ढीग लावून ठेवलात तर ते कापणं झालं नाही, लागवड झाली.

नुसतं कापलं तर तीन आठवड्यांत परत फुटतं. त्यावर आमचा जुगाड: शेततळ्याचा जुना कागद. फाटला म्हणून टाकून दिलेला प्लास्टिकचा कागद डाळिंबवाल्यांकडे पडलेला असतो, बहुतेक जण फुकट देतात. कापलेल्या बुडख्यांवर तो अंथरा, कडा मातीनं आणि दगडांनी दाबा. उजेड बंद, आणि वर सोलापूरचं बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. पाऊस लागेपर्यंत ठेवा, मग पुराआधी आठवणीनं काढा. एक वर्ष आम्ही विसरलो आणि तो कागद खालच्या बंधाऱ्याला जाऊन अडकला. खालच्या गावाची बोलणी खाल्ली, ती रास्त होती.

जिथे पाणी चढतं तिथे कागदाची गरज नाही. पाणी वाढायच्या तोंडावर खाली कापलं आणि बुडखे पूर्ण बुडाले तर पुष्कळसे कुजतात. वेळ साधता आली पाहिजे.

काठ जेसीबीनं ओरबाडू नका. गवतासकट काठाची माती जाते, उरलेल्या तुकड्यांना भुसभुशीत जागा मिळते आणि पुढच्या पुरात शेजाऱ्याचा बांध जातो. शिवाय त्या गुंत्यात घोणस असते. गमबूट आणि काठी, दोन्ही.

तपासणी ७: रिकामी जागा भरलीत का?

ही पायरी सगळे टाळतात आणि सगळं हिच्यावर अडलेलं आहे. जिथून उपटलं, तिथे त्याच पावसात आपलं काहीतरी लावायचं.

माळासाठी मारवेल आणि पवन्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्या चांगल्या माळावरूनच बी ओरबाडून गोणीत कोरडं ठेवा. ताजं बी नीट उगवत नाही, त्याला झोप असते, म्हणून पुढच्या पावसापर्यंत थांबावंच लागतं. हे बी कापसासारखं हलकं, फेकलं तर वाऱ्यानं शेजारच्या गावात. शेण-मातीत कालवून लहान गोळ्या करा आणि पहिल्या पावसाच्या आधी टाका. त्याहून भरवशाचं म्हणजे ठोंब. दोन चांगले पाऊस झाल्यावर, दीड-दोन फुटांवर, पावसाळी दिवस बघून लावायचे. पहिल्या वर्षी तिथे चराई नको.

गाजर गवताला दाबायला तरोट्याचं बी टाकतात, ते चालतंही. पण बी कोणत्या तरोट्याचं आहे ते बघा. त्याचे काही परदेशी भाऊबंदही बाजारात फिरतात, आणि दख्खनच्या रस्त्यांच्या कडेला ते आधीच पसरलेत. एका पाहुण्याला हाकलायला दुसरा घरात घ्यायचा, हे मला पटत नाही.

काठासाठी वाळा. मुळं सरळ खाली जातात, काठ बांधून ठेवतात. पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, वीत-वीत अंतरावर, दोन ओळी. वाळ्याचे पुंजके मोठे झाले की पॅराला ऊन कमी पडतं, आणि सावली हीच त्याची दुखरी नस आहे. जिथे जागा आहे तिथे करंज, जांभूळ, उंबर लावा. फळ पाच-सात वर्षांनी दिसतं.

वेडी बाभळ असेल तर वेगळं प्रकरण आहे. जमिनीवरून तोडली की दहा फांद्यांनी फुटते. बुंधा जमिनीखाली वीत-दीड वीत खणून काढावा लागतो. शेळ्या तिच्या शेंगा खाऊन लेंड्यांतून बी सगळीकडे नेतात, तेव्हा शेंगा पिकायच्या आत काम उरका.

इथे थांबा

फवारणीबद्दल विचारणार हे माहीत आहे. टू-फोर-डी हे तणनाशक गवताला सोडून रुंद पानांच्या झाडांना मारतं, म्हणून माळावर ते सोयीचं वाटतं. पण सोलापुरात माळाच्या पलीकडे द्राक्षाची नाहीतर डाळिंबाची बाग असते. वाऱ्यावर गेलेल्या बारीक तुषारांनीही द्राक्षाची पानं वेडीवाकडी होतात, आणि नुकसानभरपाई मागायला बागायतदार तुमच्याच दारात येतो. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकावर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२मध्ये बंधन घातलं. अधिसूचनेनुसार ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं. पाण्याच्या काठावर तर मी दोन्हींना हात लावत नाही. वरच्या सातही तपासण्या होऊनही फवारणी लागेल असं वाटलं तर कृषी सहायकाला किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्राला जागा दाखवा. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१. दुकानदाराच्या सल्ल्यानं बाटली आणू नका.

बाकी थांबायच्या जागा:

अंगावर पुरळ उठून आठ दिवसांत जात नसेल, किंवा दम लागत असेल, तर त्या माणसाला कामावरून काढा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. हळद लावून पुन्हा दुसऱ्या दिवशी उपटायला पाठवू नका. एकाला असंच पाठवल्याचं ओझं माझ्यावर आहे. त्याला आजही पावसाळ्यात शेतात जाता येत नाही.

जनावर चरून आल्यावर थरथरलं, फेसाळलं, बसलं तर चाऱ्याची चर्चा नंतर. आधी पशुवैद्यक, फोन १९६२.

जमीन वन विभागाची किंवा अभयारण्यातली असेल तर एक काडीही उपटण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. हेतू चांगला असला तरी परवानगी लागते. माळावर लांडग्याची पिल्लं असलेलं बीळ किंवा जमिनीवरची अंडी दिसली तर काम तिथेच बंद, माणसं मागे, आणि १९२६वर फोन. फोटो ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे जत्रा भरते.

कॅनॉलचा पाझर, बंधाऱ्याची भिंत, पुलाचा पाया यांच्याजवळचं गवत हे पाटबंधारे खात्याचं काम आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. भिंतीतून मुळं काढताना भिंत हलली तर जबाबदारी तुमची होते.

आणि गायरानात गवत लावायचं, बंद करायचं, भाग पाडायचे, काहीही असो, ग्रामपंचायतीचा ठराव आधी. तोंडी हो म्हणणारे सरपंच बदलतात.

आमच्या स्वतःच्या ओढ्यावर पुलाखालचा साठ-सत्तर फुटांचा पट्टा अजून सुटलेला नाही. वरच्या आळीचं गटार तिथे उतरतं. शोषखड्ड्यांचा ठराव दोनदा झाला, खड्डे अकरा घरांचे झाले, तेवीस बाकी आहेत. तोवर दर मे महिन्यात कागद अंथरतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो काढायची आठवण आता फोनमध्ये लावून ठेवली आहे.